बिअर म्हणजे दारू नव्हे

आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जन्मभर दारू विकली, पण दारू चांगली कोणती हे कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "ती समदी सारखीच. घशाखाली गेली की एकच." बिअरचं मात्र तसं नव्हतं. बिअरचं कुणी विचारलं की हातातलं काम ठेवून सांगायचे.

सोलापूर रस्त्याला, वरवंडच्या थोडं अलीकडे ती परमिट रूम होती. मालक तिथे आधी टेबलं पुसायला लागले होते. माझं लग्न झालं तेव्हा ते काउंटरवर बसायचे. हॉटेलच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही दोघं आणि सासूबाई राहायचो. त्या माझ्या सख्ख्या आत्या, म्हणून मी त्यांना आत्याच म्हणायची. आमची मोरी हॉटेलच्या भिंतीला लागून होती आणि ग्लास धुवायचं काम माझ्याकडे होतं. पुढच्या बाजूला मी कधी गेले नाही. माणसांसमोर मला बोलता येत नाही. शाळेत चौथीपर्यंत मास्तरांनी काही विचारलं की उत्तर येत असूनही मी खाली बघत उभी राहायची. पण मोरीच्या वर जाळीची खिडकी होती आणि तिच्यातून पुढचं सगळं बोलणं ऐकू यायचं.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मालकांनी मला ग्लास धुवायला शिकवलं. "साबण लावायचा न्हाई. जरा जरी साबण राहिला की फेस मरतो. मिठानं घासायचा आन् उपडा ठेवायचा. फडक्यानं पुसायचा न्हाई, धागं राहत्यात." तसं मी वर्षानुवर्षं केलं. माझ्या बोटांच्या चिरांत मीठ जाऊन हात चुरचुरायचे.

ते सांगायचे त्यातलं बरंच मला अजून पाठ आहे. ट्रकमधून उतरलेली पेटी त्याच दिवशी फोडायची नाही, माल हिंदकळलेला असतो, त्याला बसू द्यायचं. हिरव्या बाटलीला ऊन लागलं की आतून वास यायला लागतो, तपकिरी बाटली ऊन सोसते. चिठ्ठीवरची भरल्याची तारीख बघायची आणि जितकी ताजी तितकी बरी समजायची. लाइट गेली की बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळून हौदाच्या तळाशी ठेवायच्या. ग्लासात बर्फ मागणाऱ्याला ते म्हणायचे, "बर्फ टाकून पाणीच प्यायचं तर बाहेर नळ हाय की, फुकाट."

गिऱ्हाईकं त्यांना मामा म्हणायची. ट्रकवाले असायचे, कुरकुंभच्या कारखान्यातली पोरं असायची, कारखान्याला ऊस घालून आलेले बागायतदार असायचे.

"मामा, आज कंची घिऊ?"

"उन्हातनं आलायस?"

"व्हय."

"मग माइल्ड घे. कडक घेतलीस तर डोकं धरून बसशील आन् घरी सांगशील, मामानं शिळी दिली."

"आन् मटण सांगितलंय त्याचं काय?"

"मटणाला सुद्धा माइल्डच. कडक घेतलीस तर मटण खाल्लं का शेण, कळायचं न्हाई."

सगळे हसायचे. मी मोरीत एकटीच हसायची. माणूस एकटा आला आणि कोपऱ्यात गप्प बसला, तर मालक त्याला कडक बिअर द्यायचे नाहीत. संपली म्हणायचे. पुढच्या टेबलावर तीच बाटली उघडलेली दिसत असली तरी संपली म्हणायचे.

एकदा उन्हाळ्यात भर दुपारी हॉटेल रिकामं होतं आणि आत्या लग्नाला गेल्या होत्या. मालक मागे आले आणि स्टीलच्या वाटीत थोडी बिअर ओतून माझ्या पुढे धरली. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "हात पांढरं झालं माझ्या बाटल्यांपायी. चव तरी बघ." मी घोट घेतला. कारल्याच्या पाण्यासारखं लागलं.

"कसं वाटलं?"

"कडू."

"आता थांब. गिळ आन् थांब. आता?"

मी थांबले. कडूपणा गेला आणि मागून भाजल्या ज्वारीसारखा वास आला. तसं मी सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की ते उंबऱ्यावर बसले. "आत्ता तुला कळलं. दारूला चव नसती, निस्ती आग असती. म्हणून म्हणतो मी, बिअर म्हंजी दारू न्हाई." नवऱ्याने माझ्याकडे एवढ्या कौतुकाने कधी बघितलं नव्हतं. त्यानंतर त्यांच्या तोंडाच्या वासावरून मला कळायचं, आज कुठली घेतली आहे. ते एकच घ्यायचे, रोज, जेवणाच्या आधी. त्यांनी मला कधी शिवी दिली नाही, हात तर उगारलाच नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ते वाईट होते.

बिअर म्हणजे दारू नव्हे, हे एकटे मालकच म्हणत होते असं नाही. आमच्याकडे माणूस दारू सोडतो आणि बिअर पितो, आणि कुणाला त्यात वावगं दिसत नाही. दारू म्हणजे हातभट्टी, देशी, नाहीतर इंग्लिश. बिअर म्हणजे सातूचं पाणी.

माझं माहेर शिरूरच्या बाजूला, घोड नदीच्या काठी. आमची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची. वडिलांच्या वेळी घर एका जागी बसलं, शेती झाली, आणि वडिलांना हातभट्टी लागली. ते त्यातच गेले. मला एकच भाऊ, माझ्याहून धाकटा. आई शेतात असायची म्हणून तो माझ्याच काखेत वाढला. वडिलांना नदीवर नेलं त्या दिवशी तो मला म्हणाला होता, "आक्का, मी दारूला शिवणार न्हाई." त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. तो शब्द त्याने पाळला. रांजणगावला कारखाने आले तेव्हा तो एका कारखान्यात लागला आणि पुढे परमनंट झाला. लग्न झालं, दोन मुलं झाली. कारखान्यातली पोरं पगाराच्या दिवशी बसायची तेव्हा हा त्यांच्या मोटारसायकली राखत बाहेर चहा पीत बसायचा.

एका पंचमीला तो मुराळी म्हणून मला न्यायला आला. न्हावऱ्याहून चौफुल्याला येईपर्यंत गाडीतच त्याच्या पाठीत कळ उठली होती. आमच्या दारात आला तो कंबर धरून खालीच बसला, मग लोळायला लागला. मुतखडा आहे हे त्याला शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्या माहेरचं बोअरचं पाणी असं आहे की त्यात डाळ शिजत नाही आणि हंड्याला आतून पांढरा थर बसतो. भरपूर पाणी प्या आणि कळ आली की या, असं डॉक्टर म्हणाले होते. मी मालकांना म्हटलं, गाडी बघा, दवाखान्यात नेऊ. ते म्हणाले, थांब. पुढे गेले आणि एक बाटली घेऊन आले.

"पाव्हणं, उठा. हे घ्या."

"दाजी, मी दारूला शिवत न्हाई. तुम्हाला म्हाईत हाय."

"ही दारू हाय का? मी तुम्हाला दारू दीन का? सातूचं पाणी हे. मुतखड्याला डाक्टर लोकच सांगत्यात."

भावाने माझ्याकडे बघितलं. "आक्का, दारू न्हाई ना ही?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलल्या, "पी रं बाबा, औषध हाय त्ये. माझ्या भावकीतल्याचा खडा असाच पडला."

तो प्यायला. नाक दाबून, औषध पितात तसा प्यायला. दिवस मावळायच्या आत त्याची कळ थांबली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खडा पडला. ज्वारीच्या दाण्याएवढा, एका बाजूने काटेरी. तो त्याने कागदात बांधून मालकांच्या हातात दिला आणि त्यांच्या पाया पडला. मालकांनी तो खडा काड्याच्या पेटीत घालून काउंटरवर ठेवला. पुढे कितीतरी दिवस ते गिऱ्हाइकांना तो दाखवत होते. "माझ्या मेव्हण्याचा हाय. एका बाटलीत खाली." केडगावहून, पाटसहून माणसं मुतखड्याचं विचारायला यायला लागली. मालक त्यांना दारात थांबवून नीट सांगायचे. माइल्ड घ्या, ताजी घ्या, लई थंड नको, वरून पाणी प्या.

भावाला त्यांनी सांगितलं होतं की खडा पुन्हा धरू नये म्हणून आठवड्याला एक घेत जा. सुट्टीच्या दिवशी तो एसटीने आमच्याकडे यायचा. मला आधी बरंच वाटलं. वर्षातून दोनदा दिसणारा भाऊ आठवड्याला दिसायला लागला होता. येताना कधी पेरू आणायचा, कधी भुईमुगाच्या ओल्या शेंगा. दोघं मेव्हणे पुढे कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे आणि मी खिडकीतून ऐकायची. त्यालाही चव कळायला लागली होती. "दाजी, ही जरा करपट लागती." "शाब्बास. उन्हात राहिलीय ही. पाव्हणं तयार झालं." पुढे शिरूरला त्याच्या कारखान्यातली पोरं त्याला विचारायला लागली, कुठली घेऊ. तोही मालकांसारखाच सांगायचा, त्यांच्याच शब्दांत. जो माणूस मोटारसायकली राखायचा त्याच्याभोवती आता चार माणसं बसायला लागली. ते त्याला आवडलं असणार. त्याला असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

एकीच्या दोन कधी झाल्या आणि माइल्डची कडक कधी झाली, ते मला खिडकीतून कळलं नाही. मला कळलं ते वासावरून. राखीला तो ओवाळून घ्यायला पाटावर बसला तेव्हा सकाळ होती, आणि त्याच्या तोंडाला कडक बिअरचा वास होता. तो गोडसर असतो, शिळ्या भाकरीसारखा. मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "सकाळी?" तो हसला. "अगं आक्का, दारू हाय का ती?"

मालकांना मी सांगितलं. त्यांनी त्याला समजावलं, मग आमच्याकडे देणं बंद केलं. संपली म्हणाले. तो हसून म्हणाला, "दाजी, मला पण संपली?" आणि उठून गेला. न्हावऱ्यात मिळत होती, शिरूरमध्ये मिळत होती. त्याचं येणं थांबलं. पुढची खबर हॉटेलच्या फोनवर यायची, भावजयीकडून. वन्सं, ह्यांना मशीनवर झोपल्यालं धरलं. वन्सं, गेटवरनं माघारी लावलं. वन्सं, काम गेलं. मग एकदा म्हणाली, वन्सं, मी पोरं घेऊन माहेरी चालले, तुमचा भाऊ तुम्ही बघा.

तेव्हा भावकीने ठरवलं की त्याच्याकडून बेलभंडारा उचलून घ्यायचा. आमच्यात बिरोबापुढे भंडारा आणि बेलाचं पान हातात घेऊन जे बोललं ते मोडत नाहीत. मोडलं तर देव वंश ठेवत नाही म्हणतात. माझा भाऊ देवाला भिणारा होता. तो भंडारा उचलून बोलला तर पाळणार, याची मला खात्री होती. म्हणूनच तो काय बोलतो याची मला धास्ती होती.

मी मालकांना वाटेतच सांगितलं. "अहो, त्याला नुस्तं दारू म्हणू देऊ नका. बिअर म्हणायला लावा. तुम्ही सांगितलं तर ऐकतील सगळे." ते गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "बघू."

रविवार होता. देवळापुढे भावकीतली माणसं बसली होती आणि बाया एका बाजूला. भावजय पोरांना घेऊन आली होती. भाऊ अंघोळ करून आला होता, कपाळाला भंडारा लावलेला. बारीक झाला होता, पण त्या दिवशी प्यायलेला नव्हता. भावकीतले सगळ्यांत वडील आबा पुढे बसले होते. त्यांनी त्याच्या ओंजळीत बेलाचं पान ठेवलं, भंडारा घातला आणि म्हणाले, "बोल. आजपासनं दारूला शिवणार न्हाई."

मी मालकांकडे बघितलं. ते खाली बघत होते. भावाने ओंजळ वर केली. आता तो बोलला की संपलं. मी उठून उभी राहिले. एवढ्या माणसांत मी कधी बोलले नव्हते. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून मी पुन्हा म्हटलं, "आबा, त्याला बिअर म्हणायला सांगा."

"काय म्हणती गं पोरी?"

"बिअर. नुस्तं दारू नको."

माणसं हसली. एक जण म्हणाला, "बिरोबाला काय म्हाईत बिअर? त्यो तर ताकाचा देव." दुसरा म्हणाला, "मग सोड्याचं पण नाव घ्या." आबा हसले नाहीत. ते माझ्याशी चांगलं बोलले. "बाई, देवापुढं असलं इंग्रजी नाव घ्यायचं नसतं. दारू म्हटलं की त्यात समदं आलं. बस खाली."

सगळं आलं, असं आबांना खरंच वाटत होतं. त्यात काय आलं नाही हे तिथे आम्हा तिघांनाच माहीत होतं. मला, भावाला आणि मालकांना. मालकांनी मान वर केली नाही. भाऊ बोलला. मोठ्याने, स्वच्छ बोलला. "बिरोबाच्या साक्षीनं, आजपासनं दारूला शिवणार न्हाई." भावजय रडली. पोरांना पेढे वाटले.

परत येताना मी मालकांना विचारलं, "तुम्ही का बोलला न्हाई?" चौफुल्याला खाली उतरल्यावर ते म्हणाले, "मी ती दारू हाय म्हणायचं, आन् चारचौघांत? मग इतकी वर्षं लोकास्नी मी काय पाजलं?"

भावाने आण पाळली. हातभट्टीला शिवला नाही, देशीला शिवला नाही. बिअर आता मोकळ्या मनाने प्यायला लागला. कुणी बोललं तर म्हणायचा, "देवापुढं जे बोललो ते पाळतोय. मोडलं असतं तर बिरोबानं मला ठिवला असता का?" देवाने अजून ठेवलं आहे, म्हणजे आण मोडली नाही, असा त्याचा हिशेब होता. आबांनाही त्याने हाच हिशेब ऐकवला.

सोलापूर रस्ता चार पदरी होत होता त्या सुमाराला त्याचे डोळे पिवळे झाले. मग पोट फुगलं. पुण्याला सरकारी दवाखान्यात पोटातलं पाणी काढलं. मी त्याच्या उशाशी होते. तरुण डॉक्टर होते, त्यांनी विचारलं, "दारू किती वर्षं घेता?"

"कधीच न्हाई साहेब," भाऊ म्हणाला. "बेलभंडारा उचललाय."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा चेहरा बघून डॉक्टरही गोंधळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बिअर पितो. सकाळपासून."

"मग तेच विचारतोय ना मी. दारूच झाली ती."

भावाने माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याला चारचौघांत खोटं पाडलं असं त्याला वाटलं. तिथून पुढे तो माझ्याशी बोलला नाही. मी पाणी पाजलं की प्यायचा, कूस बदलून दिली की बदलायचा. माझ्या काखेत वाढलेला भाऊ असा शेवटपर्यंत न बोलता गेला. आयुष्यात दोनदा मी माणसांत तोंड उघडलं. एकदा उपयोग झाला नाही आणि एकदा भाऊ तुटला.

दहाव्याला घोड नदीवर पिंड ठेवला. ऊन वर आलं तरी कावळा शिवेना. पोरांना शिकवीन असं मालकांनी हात जोडून सांगितलं, शिवेना. भावजयीला अंतर देणार नाही असं भावकीने सांगितलं, शिवेना. कावळे समोर बाभळीवर बसून होते. मग कुणीतरी म्हणालं, त्याची आवड ठेवा. सगळे मालकांकडे बघायला लागले. ते गावातून एक बाटली घेऊन आले. माझ्या भावाला कुठली आवडायची ते त्यांच्याशिवाय कुणाला माहीत होतं? सवयीने त्यांनी आधी चिठ्ठीवरची तारीख बघितली. मग द्रोण तिरका धरून, फेस न सांडता ओतली.

आबा काठीला टेकून बसले होते. म्हणाले, "ठिवा ती दारू पिंडाजवळ. आता शिवंल."

मी मालकांकडे बघत होते. त्यांनी द्रोण ठेवला आणि ते मागे सरकले.

फेस बसला. बिअर उन्हाने तापली, वास सुटला. कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं उठली. उरलेली बाटली मालकांच्या हातात तशीच होती. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. नदीत ओतता येत नव्हती, घरी नेता येत नव्हती. बराच वेळ हातात धरून ते वाळूत उभे राहिले, आणि मी बायकांबरोबर पुढे निघाले.

दिवसकार्य उरकल्यावर ते कामावर गेले. आमचं पोट त्याच्यावरच आहे. ग्लास अजून मीच धुते, मिठाने. खिडकीतून ऐकू येतं. गिऱ्हाईक विचारतं, "मामा, कंची घिऊ?" आणि ते सांगतात. पूर्वीसारखं हसवत नाहीत, पण सांगतात ते बरोबरच सांगतात.